दुप्पट अंतर, चौपट वेळ

खोलीच्या एका कोपऱ्यात उदबत्ती लावली की थोड्याच वेळात वास दुसऱ्या कोपऱ्यात पोचतो. विसरणाचे उदाहरण म्हणून हे आपण शाळेत पाठ करतो. उदाहरण सोपे आहे, घरोघरचे आहे आणि जवळजवळ चुकीचे आहे. वासाचे रेणू निव्वळ स्वतःच्या धडपडीवर चार मीटरची खोली ओलांडायला निघाले, तर त्यांना दहा-बारा दिवस लागतील. वास लगेच येतो तो हवेच्या हालचालीमुळे. उदबत्तीच्या टोकाशी तापलेली हवा वर चढते, तिच्या जागी गार हवा येते, पंखा फिरत असतो, कोणीतरी दार उघडते. रेणूंना हवा उचलून नेते. विसरण त्यात असते, पण शेवटच्या काही मिलिमीटरांपुरते.

हे पुस्तक त्या शेवटच्या मिलिमीटरांविषयी आहे. वायूत, द्रवात आणि घन पदार्थात कण कसे सरकतात, कोणी ढकलत नसताना एका जागची गर्दी विरळ होऊन दुसरीकडे कशी वाढते आणि त्याला किती वेळ लागतो, एवढाच त्याचा विषय. त्यासाठी मला प्रयोगशाळा शोधत लांब जावे लागले नाही. वारा पोचत नाही आणि ढवळायला हात शिरत नाही अशा जागा सातारा-सांगलीकडे धंद्याच्या ऐन मध्यावरच सापडतात: हळदीचे बंद पेव, द्राक्षाची साल, पाणी धरून बसलेली काळी जमीन, गलाईवाल्याच्या मुशीतले सोने. अशा ठिकाणी कणांना दुसरे वाहन नसते. विसरणावरच भागवावे लागते आणि ते फार हळू चालते. या हळूपणाला कधी चुकवायचे आणि कधी त्याचाच उपयोग करून घ्यायचा, यात इथल्या कितीतरी धंद्यांची हातोटी आहे, असे माझे मत होत गेले.

पेवापासून सुरुवात करतो, कारण त्यात जीव जातो. सांगलीला लागून असलेल्या हरिपूरला, कृष्णा आणि वारणेच्या संगमाजवळ, जमिनीत खोदलेल्या पेवांत हळद साठवण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्यांची. इथली माती चिवट. खड्डा ढासळत नाही आणि एरवी पाणी झिरपत नाही. तोंड अरुंद, पोट मोठे. आतून पाल्याचे अस्तर द्यायचे, हळद भरायची, तोंड बंद करून माती लिंपायची. अशी हळद वर्षानुवर्षे टिकते, कीड लागत नाही. २००५ च्या महापुरात यातली कितीतरी पेवे पाण्याखाली गेली आणि तेव्हापासून त्यांचे दिवस उतरणीला लागले.

कीड का लागत नाही? पेव बंद झाल्यावर आत उरलेले किडे, बुरशी आणि थोडीफार हळद स्वतः, सगळे मिळून आतला प्राणवायू संपवतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. नवा प्राणवायू यायचा तर मातीतून यायला हवा. माती कोरडी असेल तर तिच्या छिद्रांत हवा असते आणि वायू त्यातून बऱ्यापैकी सरकतो. माती ओलसर आणि घट्ट असेल तर छिद्रांत पाणी असते, आणि पाण्यातून प्राणवायूचे विसरण हवेच्या मानाने साधारण दहा हजार पटींनी मंद होते. दहा हजार हा आकडा वाचकाने लक्षात ठेवावा. पुढे उसाच्या रानात तो पुन्हा लागणार आहे. तर पेवातला प्राणवायू भरून येत नाही, किडा गुदमरतो, हळद राहते. आणि पेव उघडल्यावर घाईने उतरणारा माणूसही त्याच कारणाने गुदमरतो.

म्हणून माणूस उतरवण्याआधी तोंड उघडे ठेवायचे आणि कंदील सोडून पाहायचा, अशी चाल आहे. कारण विचारले तर ‘जड वायू तळाशी बसतो’ असे उत्तर मिळते. हे अर्धेच खरे आहे. कार्बन डायऑक्साइड हवेच्या दीडपट जड आहे हे खरे, पण एकदा मिसळलेला वायू पुन्हा वेगळा होऊन खाली बसत नाही. तसे असते तर कृष्णेचे सगळे खोरे आजवर त्याने भरून गेले असते. पेवात घडते ते वेगळे. वायू तयारच तळाशी होतो. तळची जड, गार हवा आपणहून वर चढत नाही आणि अरुंद तोंडातून वारा आत शिरत नाही. हवेचा प्रवाह असा दोन्ही बाजूंनी बंद झाला की उरते फक्त विसरण. पेव पाच मीटर खोल धरले तर कार्बन डायऑक्साइडच्या रेणूला केवळ विसरणाने तेवढे अंतर काटायला नऊ दिवसांच्या आसपास लागतात. म्हणजे तोंड दोन तास उघडे ठेवले एवढ्याने पेव सुरक्षित झाले असे होत नाही. हवा ओढून काढायला किंवा आत सोडायला पंखा हवा, निदान हवा हलवणारे काहीतरी हवे.

कंदिलाबद्दलही थोडे सांगायला हवे. प्राणवायू सोळा-सतरा टक्क्यांवर आला की ज्योत विझते. माणूस त्या पातळीला अजून शुद्धीवर असतो. त्यामुळे कंदील विझला तर उतरू नये, हा नियम चोख. पण कंदील तेवतो म्हणून उतरावे, हा नियम नव्हे. ज्योतीला विषारी वायू ओळखता येत नाहीत, आणि कार्बन डायऑक्साइड माणसाला घातक होईल इतका साठला तरी ती काही वेळ जळत राहते. हवा हलवल्याशिवाय जागा सुरक्षित होत नाही, हा हिशेब सेप्टिक टँकला, पडक्या विहिरीला आणि गोबरगॅसच्या खड्ड्यालाही लागू होतो. जुन्या लोकांना सगळे ठाऊक होते, असे म्हणण्याची आपल्याकडे हौस आहे. त्यांना उपाय ठाऊक होता, कारण नव्हते. आणि कारण ठाऊक नसले की परिस्थिती बदलताच उपाय दगा देतो.

आता हा हळूपणा येतो कुठून? रेणू स्वतः मंद नसतो. साध्या तापमानाला हवेतला नायट्रोजनचा रेणू सेकंदाला पाचशे मीटरच्या आसपास धावतो. सरळ गेला तर साताऱ्याहून सांगलीला चार-पाच मिनिटांत पोचेल. पण त्याला सरळ जाताच येत नाही. मिलिमीटरचा सुमारे चौदा हजारावा भाग गेला की दुसऱ्या रेणूशी टक्कर होते आणि दिशा बदलते. एका सेकंदात अशा अब्जावधी टकरा. पालच्या खंडोबाच्या यात्रेत, भंडारा उधळत लोटलेल्या गर्दीत सापडलेल्या माणसाची गत आठवावी. पाय जोरात चालतात, पण एक धक्का पुढे नेतो आणि दुसरा बाजूला. तासाभराने पाहावे तर सुरुवातीच्या जागेपासून फार लांब नाही. अशी दिशाहीन शंभर पावले टाकणारा सरासरीने दहा पावलांवर असतो, आणि दहा हजार पावले टाकणारा शंभर पावलांवर. अंतर दुप्पट करायचे तर वेळ चौपट, दहापट करायचे तर शंभरपट. या पुस्तकातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट या एका नियमातून निघते.

आकडे पाहिले की त्याचा पीळ कळतो. स्थिर हवेत पाण्याच्या वाफेचा रेणू एक सेंटिमीटर दोनेक सेकंदांत जातो, पण एक मीटर जायला त्याला पाच-सहा तास लागतात. स्थिर पाण्यात विरघळलेल्या साखरेला एक सेंटिमीटरसाठी दिवसाहून अधिक लागतो, दहा सेंटिमीटरसाठी चार महिने आणि एका मीटरसाठी तीस वर्षांहून जास्त. सरबत चमच्याने ढवळतात त्यामागे हा हिशेब आहे. चमचा साखर विरघळवत नाही; रेणूला कापायचे अंतर तो सेंटिमीटरांवरून मिलिमीटरच्याही अंशावर आणतो, उरलेले काम विसरण क्षणात करते.

इथे एक खोड मोडायला हवी. ‘कण जास्त संहतीकडून कमी संहतीकडे जातात’ हे वाक्य आपण अशा सुरात शिकवतो की जणू कणांना तिकडे जायचे असते. त्यांना कुठेच जायचे नसते. प्रत्येक कण वाटेल त्या दिशेला जातो. दाट बाजूला कण जास्त असल्याने तिकडून निघणारे जास्त आणि विरळ बाजूकडून परतणारे कमी, एवढाच फरक. दोन्हीकडे सारखे झाले तरी ये-जा थांबत नाही, फक्त हिशेब जुळतो.

हे उमगायला माणसाला बराच काळ लागला. १८२७ मध्ये रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाने सूक्ष्मदर्शकाखाली परागकणांतून बाहेर पडलेले बारीक कण पाण्यात सतत थरथरताना पाहिले. ते जिवंत असावेत ही शंका त्याने निर्जीव पदार्थांची पूड पाण्यात टाकून फेटाळली. तीही तशीच थरथरत होती. १८५५ मध्ये आडोल्फ फिक या शरीरशास्त्रज्ञाने मिठाच्या द्रावणावर प्रयोग केले. फूरियेने १८२२ मध्ये उष्णतेसाठी मांडलेले गणित त्याने जसेच्या तसे उचलून क्षाराला लावले, आणि ते लागू पडले. १९०५ मध्ये आइन्स्टाइनने ब्राउनची थरथर आणि फिकचे विसरण ही एकाच गोष्टीची दोन रूपे आहेत हे दाखवले. पुढे फ्रान्समध्ये झाँ पेरँ यांनी गॅम्बोज नावाच्या पिवळ्या राळेचे कण पाण्यात सोडून ते क्षणाक्षणाला कुठे जातात हे मोजले, आइन्स्टाइनचे सूत्र पडताळले, आणि अणू खरोखर असतात याबद्दलची उरलीसुरली शंका मिटवली. त्यांना १९२६ चे नोबेल मिळाले. गॅम्बोजचे झाड आपल्या कोकमाच्या कुळातले, हे जाता जाता.

द्रवाकडे वळताना मी बेदाण्याकडे वळतो, आणि या प्रकरणाला पुस्तकात सर्वांत जास्त जागा दिली आहे ती मुद्दाम. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तास-ए-गणेश ही द्राक्षाची जात तासगाव तालुक्यातल्या बोरगावची. पण बेदाण्याच्या शेडची मोठी गर्दी पाहायची तर मिरजेच्या पूर्वेला, कवठेमहांकाळ आणि जतच्या वाटेला जावे. तिथे पाऊस कमी आणि हवा कोरडी. याच टापूच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वर वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस झेलते, आणि आटपाडी-माणकडे तो पाचशेच्या घरात राहतो. बेदाणा कुठे होणार हे या फरकाने ठरवून टाकले.

चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा होतो. उरलेले तीन किलो पाणी, आणि ते प्रत्येक मण्यातून बाहेर काढायचे आहे. त्याच्या वाटेत तीन टप्पे: गरातून सालीपर्यंत, सालीतून बाहेर, आणि सालीवरून हवेत. तिघांपैकी जो सर्वांत मंद, तो सगळ्याचा वेग ठरवतो. ताज्या द्राक्षात तो मान सालीवरच्या मेणाला जातो. द्राक्षावर जी पांढुरकी लव दिसते ती मेणाच्या बारीक पापुद्र्यांची; पाणी आत राखणे हेच तिचे काम. तशीच द्राक्षे वाळत घातली तर चार-पाच आठवडे जातात, आणि तेवढ्यात रंग काळवंडतो.

त्यावर उतारा म्हणजे डिपिंग. लिटरभर पाण्यात पंचवीस ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि पंधरा मिलिलिटर इथाइल ओलिएट, ज्याला शेतकरी नुसते डिपिंग ऑइल म्हणतो. द्राक्षांचे क्रेट त्यात बुडवून काढायचे आणि शेडनेटच्या सावलीत जाळीच्या रॅकवर पसरायचे. बारा ते पंधरा दिवसांत माल तयार. भूमध्य समुद्राकाठी राखेचे पाणी आणि ऑलिव्हचे तेल वापरून हेच फार पूर्वीपासून करत आले. या द्रावणाने मेण धुऊन जाते असा समज आहे. तसे होत नाही. पापुद्र्यांची रचना बदलते, त्यांच्यामधून पाण्याला वाट मिळते. साल फाटत नाही, फक्त तिची पाणी अडवण्याची ताकद जाते.

एक अडसर निघाला की दुसरा पुढे येतो, आणि इथेच अनुभवी माणूस आणि घाईचा माणूस वेगळे पडतात. पहिल्या दिवसांत महत्त्व हवेला. शेडमधून वारा खेळता हवा, नाहीतर मण्यांभोवती ओलसर हवेचे कवच साचते आणि ते पार करायला वाफेला पुन्हा विसरणाचाच आधार. अवकाळी पावसाने हवा वाफेने भरली की सालीच्या आतबाहेरचा फरकच मरतो. फरक नाही तर निव्वळ हालचाल नाही. माल रॅकवर पडून राहतो आणि बुरशी तेवढी वेळ साधते. शेवटच्या दिवसांत मात्र वारा कितीही असो, गाडी गरात अडते. साखर घट्ट होत जाते आणि तिच्यातून पाण्याचे रेणू फार कष्टाने सरकतात. पहिले दोन किलो पाणी भराभर जाते, शेवटचे पावशेर जाता जात नाही. वरून हाताला कोरडा लागला म्हणून माल लवकर उतरवला, तर पेटीत बंद झाल्यावर मण्याच्या पोटातले पाणी सालीकडे येते आणि बेदाणा चिकट होतो. पेटी कोणी भिजवलेली नसते. आत चाललेले विसरण फक्त पुरे झालेले असते.

मण्याच्या जाडीचाही इथे हिशेब आहे. सोळा मिलिमीटरच्या मण्यापेक्षा वीस मिलिमीटरचा मणी दिसायला थोडाच मोठा, पण गरातल्या टप्प्याला त्याला दीडपटीहून जास्त वेळ लागतो, कारण पुन्हा अंतराचा वर्ग. खाण्याच्या द्राक्षाला फुगवण्याची जी चढाओढ चालते ती बेदाण्याच्या मालाला सोसत नाही, याचे कारण बाजारभावात नाही, भूमितीत आहे. पिवळ्या बेदाण्याला गंधकाची धुरी देतात तेव्हा उलटी वाहतूक होते. वायू बाहेरून आत शिरतो. तो किती आत जातो, याचे गणित या प्रकरणाच्या शेवटी चौकटीत दिले आहे.

हळदीकडे परत येतो. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीलाही मानांकन मिळाले. बाजारात येणारे हळकुंड जमिनीतून काढून तसेच वाळवलेले नसते, आधी शिजवलेले असते. पूर्वी काहिलीत, आता बहुतेक ठिकाणी वाफेच्या कुकरमध्ये. वाळवायचेच आहे तर आधी पाण्यात कशाला शिजवायचे, असा प्रश्न शहरी वाचकाला पडतो. उत्तर पेशीत आहे. जिवंत पेशीचा पडदा आतले पाणी आणि द्रव्ये राखून असतो. उकळण्याने पडदे मरतात, पिष्ट फुगून एकजीव होते, पाण्याची वाट मोकळी होते आणि ठिपक्या-ठिपक्यांत असलेला पिवळा रंग गाभ्याभर सारखा पसरतो. त्यामुळे शिजवलेली हळद न शिजवलेल्या हळदीपेक्षा लवकर वाळते. जेठे गड्डे आणि हळकुंडे वेगवेगळी शिजवतात तेही जाडीमुळेच: उष्णता आत शिरते तीही फूरियेच्या त्याच समीकरणाने, त्यामुळे दुप्पट जाड गड्ड्याला चौपट वेळ. एकत्र शिजवले तर गड्डा कच्चा राहतो किंवा हळकुंड गळते. कसबे डिग्रजला हळदीचे संशोधन केंद्र आहे. शिजवणीच्या वेळेबद्दल तिथल्या शिफारशी वाचताना हा नियम मनात ठेवला तर त्या पाठ कराव्या लागत नाहीत.

उसाबद्दल थोडक्यात. युरोपात बीटची साखर विसरणानेच काढतात: बीटच्या पातळ चकत्या गरम पाण्यात, म्हणजे अंतर कमी आणि वेग जास्त. आपल्याकडे चरकाचा जोर लावून गाळप होते आणि चिपाडात अडकलेली साखर गरम पाणी शिंपडून काढतात. या विषयावर आपल्याकडे पुरेसे लिहिले गेले आहे. मी कारखान्याच्या फाटकाबाहेरच थांबलो आहे, कारण खरी गोष्ट रानात आहे.

वाळवा, पलूस, मिरज या भागात कृष्णाकाठच्या काळ्या जमिनी उपसा सिंचनाच्या पाण्याने आधी सोन्यासारख्या पिकल्या आणि मग क्षारपड झाल्या. उसाला मोकाट पाणी, निचऱ्याला वाट नाही. जमिनीखालच्या पाण्याची पातळी वर येते, वरून पाणी उडून जाते आणि त्यातले क्षार पृष्ठभागावर पांढरे उठतात. क्षारांची बाजू बहुतेकांना माहीत असते. दुसरी बाजू श्वासाची. मुळाला प्राणवायू लागतो आणि तो मातीच्या छिद्रांतून येतो. छिद्रे पाण्याने भरली की तो पेवातला दहा हजाराचा आकडा इथे हजर. मुळाभोवती एक मिलिमीटर जाडीचा पाण्याचा थर प्राणवायूला निदान दहा मीटर हवेइतका अडसर ठरतो. निदान म्हणतो, कारण प्राणवायू पाण्यात मुळात कमी विरघळतो. तो हिशेब धरला तर अडसर आणखी वाढतो. रान वरून हिरवे दिसत असताना खाली मूळ गुदमरलेले असते. म्हणून भूमिगत निचऱ्याचे सच्छिद्र पाईप टाकतात ते फक्त क्षार धुऊन न्यायला नव्हे, मातीत हवेला वाट करून द्यायलाही. जिप्सम टाकून आणि निचरा न करता जमीन सुधारू पाहणाऱ्यांनी हे प्रकरण दोनदा वाचावे.

घन पदार्थात कण हलतात हे पटायला सर्वांत कठीण. स्फटिकात अणू आपापल्या जागी बसलेला. तो जाणार कुठे? पण कोणत्याही स्फटिकात काही जागा रिकाम्या असतात. शेजारी जागा मोकळी असेल आणि पुरेसा धक्का मिळेल एवढे तापमान असेल, तर अणू उडी मारतो. कार्बनसारखा छोटा अणू तर लोखंडाच्या मोठ्या अणूंच्या फटींतूनच सरकतो. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानात, कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर कारखाना थाटला आणि लोखंडी नांगर काढले. त्या किर्लोस्करवाडीपासून आजच्या मिरज-कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीपर्यंत लोखंडाला आकार देणारे हात या भागात कमी नाहीत. गिअरचा दात वरून कठीण आणि आतून चिवट हवा असतो. त्यासाठी तो कार्बनयुक्त वातावरणात नऊशे अंशांच्या वर तापवून ठेवतात, केस हार्डनिंगसाठी. आठ तासांत कार्बन जेमतेम मिलिमीटरभर आत जातो. दोन मिलिमीटर हवे असतील तर सोळा तास पुरत नाहीत, बत्तीस लागतात. नव्या सुपरवायझरला हे कागदावर पटते, भट्टीच्या बिलावर पटत नाही.

आणि गलाई. विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव, तिकडे खटाव-माण. दुष्काळी पट्ट्यातली ही गावे सोने-चांदी शुद्ध करणाऱ्यांची. देशातल्या बहुतेक मोठ्या सराफ बाजारांत गलाईचे दुकान इकडच्या माणसाचे असते. या पांगण्यालाही विसरण म्हणण्याचा मोह होतो, पण तो आवरलेला बरा. रेणू वाट न ठरवता जातो. हे लोक मामाने भाच्याला, भाच्याने भाऊबंदाला बोलावून, ठरवून गेले.

त्यांच्या धंद्यातली एक रीत मला फार बोलकी वाटते. चांदी मिसळलेले सोने नुसते तेजाबात टाकले, तर सोने जास्त असल्यास तेजाब वरच्यावर थोडा खातो आणि थांबतो. म्हणून आधी त्यात मुद्दाम आणखी चांदी घालून वितळवतात, सोने साधारण चौथाई राहील इतकी. मग त्याचा रवा पाडतात किंवा पातळ पत्रा काढतात आणि मग तेजाबात सोडतात. सोने शुद्ध करण्यासाठी आधी ते आणखी अशुद्ध करायचे! कारण असे की तेजाब फक्त पृष्ठभागावरचा चांदीचा अणू उचलू शकतो. सोने जास्त असेल तर वरची चांदी गेल्यावर सोन्याचे अणू मागे राहून कवच धरतात, आणि आतल्या चांदीला घन सोन्यातून सरकत बाहेर यायला त्या तापमानाला माणसाचे आयुष्य पुरत नाही. चांदी भरपूर असेल तर एक अणू गेला की मागचा उघडा पडतो. तेजाब आत भुयारे करत जातो, विसरणाची वाट पाहावीच लागत नाही. मागे उरतो तपकिरी, सच्छिद्र चुरा, तो टाकणखार घालून मुशीत वितळवला की पिवळाधमक होतो.

घन धातूतले विसरण पहिल्यांदा नीट मोजले गेले तेही सोन्यावरच, आणि मोजणारा टांकसाळीतला माणूस. लंडनच्या रॉयल मिंटमधल्या विल्यम रॉबर्ट्स-ऑस्टिन यांनी १८९६ मध्ये शिशाच्या दांड्यांच्या बुडाशी सोने लावून, शिसे वितळणार नाही इतपत तापवून त्या महिनाभर ठेवल्या. मग कापून पाहिले तर सोने घन शिशातून वर चढलेले. पुढे साध्या तापमानालाही चार वर्षे ठेवून सोन्याची हालचाल त्यांनी पकडली. तेजाबाच्या वासात आयुष्य काढणाऱ्या विट्याच्या कारागिराला ही गोष्ट सांगितली तर तो पहिल्यांदा शिशाचा भाव आणि घट विचारील, असा माझा अंदाज आहे. आणि ते प्रश्न बरोबरच असतील.

पुस्तकातला क्रम पाठ्यपुस्तकाच्या उलट आहे: आधी वायू, मग द्रव, शेवटी घन. वेगाकडून मंदपणाकडे जाणे मला सोयीचे वाटले. गणित चौकटींत ठेवले आहे. चौकटी सोडून वाचले तरी धागा तुटत नाही. आकडे जवळपासचे आहेत, कारण विसरणाचा वेग तापमानाप्रमाणे आणि मालाप्रमाणे बदलतो.

शेवटचे प्रकरण कोयनेचे. ते विसरणाच्या पुस्तकात कसे, हे सांगायला हवे. धरणात पाणी साठायला १९६२ च्या सुमारास सुरुवात झाली, आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला ६.३ प्रतीचा भूकंप झाला. दीडशेहून अधिक माणसे गेली. वारणेचे चांदोलीचे धरण १९८५ मध्ये भरू लागले आणि काही वर्षांनी भूकंपांचा पट्टा तिकडेही सरकला. खडकातला ताण धरणाने निर्माण केलेला नाही, तो आधीचाच. पण जलाशयाचा दाब खडकाच्या फटींत भरलेल्या पाण्यातून खाली पोचतो आणि दातांत दात घालून बसलेल्या भेगेला सैल करतो. जलाशयातला थेंब पाच किलोमीटर खाली जातो असे नव्हे. दाब जातो, आणि तो पसरतो तो फिकच्या मिठाच्याच समीकरणाने. खोली दुप्पट तर उशीर चौपट. पावसाळ्यात धरण भरल्यानंतर भूकंपांची वर्दळ काही काळाने वाढते, त्या ‘काही काळाने’ची गुरुकिल्ली इथे असावी असे या क्षेत्रातल्या अनेकांचे मत आहे. कराडजवळ हजारमाचीला यासाठी केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे, आणि कोयनेच्या रानात गोठणे इथे तीन किलोमीटर खोल विवर घेतले गेले. वरचा सव्वा किलोमीटरच्या आसपासचा भाग बेसाल्टचा, खाली ग्रॅनाइट. गणिताला हवा असलेला आकडा म्हणजे त्या खोल खडकातून दाब किती वेगाने पसरतो हा. फटी मोकळ्या धरल्या तर पाच किलोमीटरला आठवडाभर पुरतो, मिटलेल्या धरल्या तर दोन वर्षे लागतात. दोन्ही हिशेब शेवटच्या चौकटीत शेजारी-शेजारी मांडले आहेत.